पाटील–पाटील पत्रिका आणि डार्विनची मामेबहीण

एकाच आठवड्यात घरी दोन लग्नपत्रिका आल्या होत्या. पहिलीवर गणपतीच्या खाली मोठ्या अक्षरांत ‘पाटील – पाटील’. दुसरीवर दोन अगदी वेगळी आडनावं. पहिल्या पत्रिकेतली दोन्ही घरं लग्न ठरेपर्यंत एकमेकांना ओळखतही नव्हती. एक मिरजेकडचं, एक कराडकडचं. कुळ वेगळं, देवक वेगळं. दुसऱ्या पत्रिकेतल्या नवऱ्या मुलाने मात्र सख्ख्या मामाची मुलगी केली होती.

आता या दोन पत्रिका अशा माणसाच्या हातात द्या, ज्याला आपल्या चालीरीती ठाऊक नाहीत आणि जो नात्याचा अंदाज फक्त आडनावांवरून बांधतो. तो पहिल्या जोडप्यापुढे ‘बहुधा नात्यातलं’ अशी खूण करेल आणि दुसरं जोडपं परकं म्हणून सोडून देईल. दोन्हीकडे चूक.

गंमत म्हणजे तो माणूस मूर्ख नाही. आडनावं मोजून समाजाची रचना शोधायची ही पद्धत दीडशे वर्षं जुनी आहे, तिच्यामागे चोख गणित आहे आणि ती आजही वापरली जाते. लोक कुठून कुठे गेले, कोणतं खोरं किती काळ बंद होतं, कोणत्या गावांत आपापसांतच लग्नं झाली, श्रीमंती किती पिढ्या टिकली, असले प्रश्न तिच्याकडे नेतात. फक्त ती कुठे खरं बोलते आणि कुठे थाप मारते, हे नीट बघायला लागतं.

मुळात आडनावच का? कारण ते बापाकडून मुलाकडे जातं आणि सहसा बदलत नाही. पुरुषाच्या शरीरातलं वाय गुणसूत्रही याच वाटेने जातं, बापाकडून मुलाकडे. म्हणजे आडनाव हे वाय गुणसूत्राला चिकटवलेलं लेबल झालं. डीएनए तपासायला प्रयोगशाळा लागते, पैसे लागतात आणि माणसाची संमतीही लागते. आडनाव आधीच लिहून ठेवलेलं असतं. मतदार यादीत, सातबाऱ्यावर, शाळेच्या हजेरीपटावर, चर्चच्या वहीत. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं रक्त आपल्याला मिळणार नाही, पण वही मिळू शकते.

या पद्धतीची सुरुवात झाली ती चार्ल्स डार्विनच्या घरातून. डार्विनने 1839 मध्ये एमा वेजवूडशी लग्न केलं. त्याची आई सुझाना ही वेजवूड घराण्यातली, आणि एमा ही तिच्या सख्ख्या भावाची मुलगी. आपल्या भाषेत एमा ही त्याची मामेबहीण. त्यांना दहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. लाडकी ॲनी 1851 मध्ये दहा वर्षांची असताना गेली. ज्या माणसाने वनस्पतींवर वर्षानुवर्षं प्रयोग करून स्वपरागणाने रोपं कमजोर होतात हे दाखवलं, त्याच्या मनात आपल्या मुलांबद्दल काय येत असेल ते उघड आहे. 1870 मध्ये त्याने खासदार असलेला आपला मित्र जॉन लबक याच्यामार्फत खटपट केली की येणाऱ्या 1871 च्या जनगणनेत एक प्रश्न घालावा: नवरा-बायको एकमेकांचे सख्खे चुलत-मावस-आते-मामे भावंडं आहेत का? पार्लमेंटने प्रश्न नाकारला.

मग डार्विनचा मुलगा जॉर्ज पुढे आला. हा केंब्रिजमध्ये गणितात दुसरा आलेला. सरकार विचारत नसेल, तर न विचारता मोजता येईल का? त्याने वर्तमानपत्रांतल्या लग्नाच्या जाहिराती काढल्या आणि वधू-वरांचं आडनाव एकच असलेली लग्नं वेगळी केली. पण अशी सगळीच लग्नं नात्यातली नसणार. इंग्लंडमध्ये तेव्हा 73 माणसांत एक स्मिथ होता. डोळे मिटून एक मुलगा आणि एक मुलगी उचलली, तर दोघंही स्मिथ निघण्याची शक्यता 73 गुणिले 73, म्हणजे 5,329 मध्ये एक. असाच हिशोब जोन्स, विल्यम्स, टेलर असा एकेका आडनावाचा करून बेरीज घेतली, की निव्वळ योगायोगाने आडनाव जुळणारी लग्नं हजारात साधारण एक येतात. प्रत्यक्षात दिसत होती ती त्याहून कितीतरी जास्त. ती जास्तीची लग्नं नात्यातली.

पुढे त्याने अनेक घरांना पत्रं धाडून विचारलं, की एकाच आडनावाच्या जोडप्यांपैकी भावंडं किती, आणि भावंडांनी केलेल्या लग्नांपैकी आडनाव जुळलेली किती. तो आकडा वर लावून त्याने अंदाज काढला: सरदार-उमराव घराण्यांत साडेचार टक्क्यांच्या आसपास लग्नं सख्ख्या कझिनांत, आणि लंडन शहरात फक्त दीड टक्का. हा निबंध 1875 मध्ये आला. (ते साल आडनावांना मानवलेलं दिसतं. त्याच वर्षी जपानमध्ये सरकारने हुकूम काढला की सामान्य माणसानेही आडनाव लावलंच पाहिजे. आणि आपल्याकडे कवळाण्याचा गोपाळ गायकवाड त्याच वर्षी बडोद्याला दत्तक जाऊन सयाजीराव झाला. गायकवाडाचा गायकवाडच राहिला, याच्याकडे परत येऊ.)

आता मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा एक सोय आहे. इंग्रजीत ‘कझिन’ हा एकच शब्द. आपल्याकडे चार घरं: चुलत, मावस, आते, मामे. या चारही प्रकारांत रक्ताचं नातं सारखंच जवळचं. अशा जोडप्याच्या मुलाला एखादं जनुक दोन्हीकडून एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता सोळात एक असते, मग बहीण चुलत असो की मामे. पण आडनाव जुळतं ते फक्त चुलत बहिणीचं. मावशी लग्न करून दुसऱ्या घरी गेली, आत्याही गेली, आणि मामा तर मुळातच आईच्या माहेरचा.

म्हणजे चारांतलं एकच घर आडनावाला दिसतं. 1965 मध्ये अमेरिकेत जेम्स क्रो आणि आर्थर मँज यांनी यावरून साधं सूत्र मांडलं. एकाच आडनावाच्या लग्नांचं प्रमाण काढा आणि त्याला चाराने भागा. त्या समाजातल्या अंतःप्रजननाचा, म्हणजे मुलाला एकच जनुक दोन्हीकडून मिळण्याच्या शक्यतेचा, अंदाज मिळतो. पडताळा सोपा आहे. सगळेच जण आपापल्या कझिनशी लग्न करतात असं धरा. चारांतल्या एका लग्नात आडनाव जुळेल, म्हणजे पाव. पावाला चाराने भागलं की एक सोळांश, जो खरा आकडा आहे. या प्रकाराला शास्त्रात आयसोनिमी म्हणतात. आपण ‘आडनाव-जुळणी’ म्हणू.

सूत्र सुरेख आहे, पण त्याच्या पोटात एक गृहीत लपलेलं आहे: चारही प्रकारची लग्नं सारख्याच प्रमाणात होतात. इंग्लंडमध्ये ते एक वेळ चालून जाईल. आपल्याकडे चुलत बहीण म्हणजे बहीणच. तिच्याशी लग्नाचा विचारही हिंदू घरांत कोणी करणार नाही. एक आडनाव, एक कुळ, एक देवक, विषय संपला. मामाची मुलगी मात्र महाराष्ट्रातल्या कित्येक समाजांत हक्काची. इरावती कर्व्यांनी भारतभरच्या नातेव्यवस्थेवर काम करताना दाखवलं, की उत्तरेला अशी लग्नं वर्ज्य, दक्षिणेला ती पसंतीची, आणि महाराष्ट्र या दोघांच्या मधल्या पट्ट्यात. म्हणजे आपल्या गावातल्या लग्नांच्या नोंदवहीवर क्रो-मँजचं सूत्र चालवलं तर नात्यातली लग्नं जवळपास शून्य दिसतील, आणि वहीत मामा-भाचे पानोपानी बसलेले असतील. उलट जिथे चुलत घराण्यातच सोयरीक करायची रीत आहे, जशी बऱ्याच अरब समाजांत, तिथे तेच सूत्र वाजवीपेक्षा मोठा आकडा देईल.

आणि डार्विनचं स्वतःचं लग्न? ज्या लग्नाच्या काळजीतून हे सगळं सुरू झालं, तेच जॉर्जच्या चाळणीतून सुटतं. डार्विन आणि वेजवूड. आडनावं वेगळी, परकं जोडपं, पुढे चला.

मग ही पद्धत टाकून द्यायची का? नाही, प्रश्न बदलायचा. लग्नं सोडा आणि फक्त माणसं घ्या.

समजा, कोकणातल्या एका वाडीची मतदार यादी आहे. त्यातले फक्त पुरुष घ्यायचे, कारण बायकांची आडनावं लग्नाने बदललेली असतात. शंभर पुरुष आहेत: 40 सावंत, 30 परब, 20 राणे, 10 गावडे. डोळे मिटून दोन जण उचलले तर आडनाव जुळण्याची शक्यता किती? चाळीस टक्क्यांचा वर्ग 0.16, तिसांचा 0.09, विसांचा 0.04, दहांचा 0.01. बेरीज 0.30. दहा वेळा उचललं तर तीनदा जुळेल. आता शहरातली एक सोसायटी घ्या, जिथे शंभर घरांत शंभर आडनावं. तिथे हाच आकडा 0.01. पहिला आकडा सांगतो की वाडीत बाहेरून फारसं कोणी आलेलं नाही, मोजक्या घरांचाच विस्तार झाला आहे. दुसरा सांगतो की ही माणसं दाही दिशांनी आलेली आहेत.

पुढची पायरी दोन गावांची तुलना. शेजारच्या वाडीत 10 सावंत, 20 परब, 30 राणे, 40 गावडे आहेत असं धरू. एक माणूस या वाडीतून, एक त्या वाडीतून. चार सावंत-टक्के, सहा परब, सहा राणे, चार गावडे, बेरीज 0.20. म्हणजे दोन वाड्या चांगल्याच एकमेकींत मिसळलेल्या. घाटावरच्या एखाद्या गावात यातलं एकही आडनाव नसेल तर 0. असं शेकडो गावांचं कोष्टक केलं, की आडनावांनी मोजलेलं ‘अंतर’ तयार होतं, आणि ते नकाशावर मांडता येतं. बहुतेक ठिकाणी किलोमीटर वाढतात तशी जुळणी घसरत जाते. जिथे ती एकदम कोसळते तिथे काहीतरी आडवं आलेलं असतं. डोंगर, नदी, राज्याची हद्द, भाषा. इटलीत फेरारा विद्यापीठातल्या इतालो बाराय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशोदेशींच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या घेऊन हेच केलं. टेलिफोन डिरेक्टरी! रद्दीवाल्याकडे गेलेलं ते जाडजूड पुस्तक त्यांना माणसांच्या हालचालींची बखर वाटलं.

त्याआधीचं मोठं काम जनुकशास्त्रज्ञ लुइजी लुका काव्हाल्ली-स्फोर्झा यांचं, इटलीतल्याच पार्माच्या खोऱ्यातलं. खाली मैदानात मोठी गावं, वर डोंगरात चिमुकली. त्यांच्या सोबतीला आंतोनियो मोरोनी हा धर्मगुरू असलेला विद्यार्थी होता, त्यामुळे चर्चच्या वह्या उघडल्या गेल्या. शिवाय कॅथलिक पंथात नात्यात लग्न करायचं तर चर्चकडून खास परवानगी घ्यावी लागे, आणि ती कागदावर असे. म्हणजे इथे आडनावांवरून केलेला अंदाज आणि खरी नोंद शेजारी ठेवून ताडता येत होती, वर गावकऱ्यांचे रक्तगटही तपासता येत होते. डोंगरातल्या छोट्या गावांत गावागणिक फरक जास्त, मैदानात कमी, हे रक्तगटांनी दाखवलं. जुगाराच्या फाशासारखं आहे हे. दहाच फासे टाकले तर दान कसंही पडतं, दहा हजार टाकले की सरासरीला येतं.

हा फाशाचा खेळ आडनावांच्या बाबतीत फार क्रूर असतो. फ्रान्सिस गॉल्टन, डार्विनचाच नातेवाईक, याला 1873 मध्ये प्रश्न पडला होता की मोठमोठी घराणी नामशेष का होतात. रेव्हरंड वॉटसनने गणित मांडलं. प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो असं धरा. वरवर वाटतं, संख्या कायम राहील. पण सरासरी एक म्हणजे कोणाला तीन, कोणाला एकही नाही. पहिल्याच पिढीत शंभरातल्या सुमारे 37 जणांना मुलगा नसतो. त्यांचं आडनाव तिथेच थांबलं. पुढच्या पिढीत आणखी काही. कुणाचाही दोष नसताना, साथ नाही, दुष्काळ नाही, तरी आडनावं गळत जातात. जुन्या आणि बंद समाजात म्हणून थोडीच आडनावं उरतात.

याचं सगळ्यात उघडं चित्र म्हणजे दक्षिण अटलांटिक महासागरातलं त्रिस्तान दा कुन्हा हे बेट. अडीचशेच्या आतबाहेर वस्ती, आणि शतकभर आडनावं सातच: ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, रेपेत्तो, लाव्हारेल्लो. प्रत्येक आडनाव म्हणजे एक माणूस, एक जहाज. विल्यम ग्लास हा स्कॉटिश कॉर्पोरल, ब्रिटिश तुकडी परत गेल्यावर बेटावरच राहिला. ग्रीन हा मूळचा डच ग्रून, फुटलेल्या जहाजातून आलेला. रॉजर्स आणि हेगन अमेरिकन. रेपेत्तो आणि लाव्हारेल्लो हे 1892 मध्ये ‘इतालिया’ नावाचं जहाज बुडाल्यावर तिथेच थांबलेले दोन इटालियन खलाशी. बेटाचा पुरुषांकडून आलेला सगळा इतिहास सात शब्दांत मावतो. बायका कुठून आल्या? काही सेंट हेलेनाहून 1827 मध्ये आणल्या गेल्या. त्यांचं नावनिशाण त्या सात शब्दांत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

त्रिस्तानचं सोपं आहे, कारण तिथे एका आडनावाचा एकच मूळपुरुष. बाकी जगात तसं क्वचित. स्मिथ म्हणजे लोहार. गावोगाव लोहार, गावोगाव स्मिथ, एकमेकांशी संबंध नाही. आपला पाटील तसाच. पाटीलकी ही गावकीची जबाबदारी, गाव तिथे पाटील. मराठा पाटील, जैन पाटील, लिंगायत, आगरी, कोळी, मुसलमान पाटील. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, जोशी, सगळी हुद्द्यांची किंवा कामांची आडनावं. म्हणूनच पाटील–पाटील पत्रिका कोणाला खटकत नाही. आडनावाच्या मागे खरं कुळ वेगळं असतं, आणि सोयरीक जुळवणारे पहिल्या दोन वाक्यांतच ते विचारून घेतात. आडनाव-जुळणीच्या गणितातून असली आडनावं आधी वेगळी काढली नाहीत, तर उत्तर निरर्थक येतं.

‘कर’ लावलेली आडनावं मात्र वेगळी गोष्ट सांगतात. पुण्यात राहणारे सगळेच पुणेकर, मग ते आडनाव कोणाला देणार? गावावरून आडनाव बहुतेकदा पडतं ते गाव सोडल्यावर. (वतनामुळे गावाचं नाव लागलेली घरं आहेत, पण ती बाजूला ठेवू.) म्हणजे ‘कर’ हा एका स्थलांतराचा शिक्का आहे. मला त्यातलं आणखी एक रोचक वाटतं. आडनाव हाक मारणारे ठेवतात, आणि हाक मारणाऱ्याला ते गाव माहीत असावं लागतं. झिराडहून अलिबागेत आलेला माणूस झिराडकर होईल. तोच माणूस घाट चढून लांब देशावर गेला तर तिथे झिराड कोणाला ठाऊक? तिथे तो कोकणातला म्हणून ‘कोकणे’ व्हायचा. आडनावात जितकं छोटं गाव, तितकी पहिली उडी जवळची. आडनावात अख्खा प्रांत असेल, तर उडी लांबची. हा माझा अंदाज आहे, नियम नाही, पण आपल्या ओळखीतल्या आडनावांना लावून बघा.

याचं नमुनेदार उदाहरण बेने इस्रायली समाज. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेले हे मराठी बोलणारे ज्यू; तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावं वाचा: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, झिराडकर, अष्टमकर, दिवेकर. पाहिजे तर हातात रायगड जिल्ह्याचा नकाशा घ्या आणि एकेका नावावर टिंब काढत जा. एखाद-दुसऱ्या गावात गर्दी करून राहिलेला हा समाज नव्हता; गावात दोन-चार घरं अशा बेताने तो साऱ्या अष्टागरात आणि पलीकडेही पसरलेला होता, हे त्या टिंबांवरून दिसतं. अठराव्या शतकात ही मंडळी मुंबईकडे सरकू लागली. 1796 मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी. पल्टणीतला हा माणूस मुंबईत नाव कमावून बसला, पण आडनाव बोट दाखवत होतं दिवेआगराकडे. 1948 नंतर बहुतेक समाज इस्रायलला गेला. तिथल्या दारावरच्या पाट्यांवर पेण आणि रोहा गेले.

पण इथेही एक फट आहे. दिवेकर हे आडनाव चित्पावनांतही आहे. दोघांचा उगम दिवेआगर, पण नातं काही नाही. ‘कर’वालं आडनाव कुठून आलात ते सांगतं, कोणाचे ते सांगत नाही.

आणि काही आडनावं तर कुठून तेही सांगत नाहीत. गोव्यात धर्मांतराच्या वेळी फर्नांडिस, डिसूझा, परेरा अशी आडनावं मिळाली ती बाप्तिस्म्याच्या वेळच्या पोर्तुगीज पाद्र्याची किंवा धर्मपित्याची. यादी समोर ठेवून कोणी लिस्बन आणि मडगावची आडनाव-जुळणी काढली, तर दोन शहरं शेजारी असल्यासारखी दिसतील. मॉरिशसमध्ये उलटं झालं. 1834 पासून करारावर नेलेल्या मजुरांची नोंद बहुतेकदा एकेरी नावाने झाली, आणि पुष्कळ घरांत त्या पूर्वजाचं पहिलं नाव हेच पुढे आडनाव बनलं. रत्नागिरीकडून गेलेल्या मराठी घराचं मूळ आडनाव तिथेच तुटलं. वहीत लिहिणारा कारकून कोण होता, त्याने काय विचारलं, हे कळल्याशिवाय आडनावावर विश्वास टाकू नये.

लेबल आणि आतला माल एकच आहे का, हे डीएनएने तपासता येऊ लागलं तेव्हा ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी स्वतःचंच आडनाव घेतलं. 2000 मध्ये आलेल्या त्या निबंधात साइक्स आडनावाच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच छापाचं निघालं. सातशे वर्षांत निम्मी साखळी शाबूत. पुढे लेस्टरच्या ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ब्रिटनमधल्या चाळीस आडनावांवर हेच करून पाहिलं: आडनाव जितकं दुर्मीळ, तितके त्यातले पुरुष एका मूळपुरुषाचे असण्याची शक्यता जास्त. स्मिथांमध्ये असं काही दिसत नाही. साखळी तुटते ती अनौरस संततीने, आडनाव बदलण्याने, दत्तकाने. मात्र आपल्याकडचा दत्तक बहुधा भाऊबंदांतूनच. कवळाण्याचे गायकवाड हे बडोदेकरांच्याच दूरच्या शाखेतले, त्यामुळे गोपाळराव दत्तक जाऊनही आडनाव आणि वाय गुणसूत्र यांची फारकत झाली नाही. दीनानाथांनी मंगेशी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतलं तेव्हा मात्र मागची पाटी पुसली गेली; पुढच्या पिढ्यांच्या आडनावावरून मागचं घराणं शोधायला कोणी निघालं तर मंगेशीच्या वेशीवर थांबेल.

इथवर माणसं जागा कशी बदलतात ते पाहिलं. आडनावांवरून पायरी कशी बदलते हेही मोजतात. बँक ऑफ इटलीतल्या गुलिएल्मो बारोने आणि साउरो मोचेत्ती यांनी फ्लॉरेन्सच्या 1427 सालच्या कर-नोंदी आणि 2011 सालच्या कर-नोंदी आडनावांनी जोडल्या. सहा शतकांपूर्वी जी आडनावं वरच्या पायरीवर होती, ती आजही वरच्याच बाजूला झुकलेली निघाली. अर्थशास्त्रज्ञ ग्रेगरी क्लार्क यांनी इंग्लंडात ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या जुन्या याद्या घेतल्या. एखादं दुर्मीळ आडनाव लोकसंख्येत दहा हजारांत एक, पण विद्यापीठात हजारात एक, म्हणजे दहापट वरचढ. ही वरचढ पिढ्यान्‌पिढ्या किती वेगाने ओसरते? त्यांचं उत्तर होतं, फार सावकाश. एका पिढीतल्या फरकापैकी 70 ते 80 टक्के पुढच्या पिढीत उरतो. बाप-मुलांच्या उत्पन्नाची थेट तुलना करणारे अभ्यास हा आकडा पुष्कळ कमी देतात, समजा 40 टक्के. फरक किती पडतो बघा: शंभरचा फरक 75 टक्क्यांनी टिकला तर चार पिढ्यांनी 32 उरतो, 40 टक्क्यांनी टिकला तर अडीच.

क्लार्क यांच्यावर टीकाही तितकीच झाली. आडनावांनी माणसांचे गठ्ठे केले की एकेका माणसाची चढउतार गठ्ठ्याच्या सरासरीत बुडते, आणि गठ्ठ्याला मिळणारा मान किंवा अपमान हा घराण्याचा गुण म्हणून मोजला जातो. मला ही टीका पटते. त्यांनी बंगालमध्ये मुखर्जी-बॅनर्जींसारखी कुलीन आडनावं घेऊन हाच हिशोब केला. पण आपल्या देशात आडनाव कळलं की समोरचा मनात जात लिहून घेतो. तिथे मोजलं गेलं ते घराण्याचं कर्तृत्व की उंबऱ्यावर मिळालेली वागणूक? म्हणूनच तर कित्येकांनी आडनाव बदललं किंवा टाकूनच दिलं, आणि असं टाकलेलं आडनाव कोणत्याच यादीत सापडत नाही.

आता त्या सेंट हेलेनाच्या बायकांकडे. 2011 च्या जनगणनेत भारतात सुमारे 45 कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. त्यात बायका पुरुषांच्या दुपटीहून जास्त, आणि कारण मुख्यतः लग्न. म्हणजे आपल्याकडे गाव सोडते ती मुलगी. पुरुषाची सात पिढ्यांची शेती एका बांधाला असते आणि त्याच घरातल्या सात पिढ्यांच्या सुना सात गावांहून आलेल्या असतात. आडनावांचा नकाशा त्या घराला ‘स्थिर’ म्हणेल. आईकडून येणारा डीएनए तपासला तर त्याच गावात बाहेरचं जग भरलेलं दिसतं.

स्पेनमध्ये ही अडचण बरीचशी सुटते, कारण तिथे प्रत्येकाला दोन आडनावं: परंपरेने पहिलं बापाचं, दुसरं आईच्या माहेरचं. स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतले आडनावांचे अभ्यास त्यामुळेच जास्त भरवशाचे. डार्विन जोडप्याला तिथल्या वहीत बसवून बघा. नवरा: चार्ल्स डार्विन वेजवूड. बायको: एमा वेजवूड ॲलन. जॉर्जच्या नजरेतून निसटलेली मामेबहीण वहीच्या ओळीतच पकडली गेली.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला. आईचं नाव रकान्यात आलं. पण फक्त नाव. तिचं माहेरचं आडनाव नाही. तेव्हा सुरुवातीच्या त्या दुसऱ्या पत्रिकेतल्या जोडप्याला उद्या मूल झालं, तर त्याच्या जन्मदाखल्यावरूनही कोणाला कळायचं नाही की त्याच्या आईचं आणि त्याच्या वडिलांकडच्या आजीचं माहेर एकच आहे.